‘माल सैल करा’ : घर बांधताना पाण्याबद्दलचे गैरसमज

स्लॅब भरायच्या दिवशी मिक्सरजवळ एक वाक्य हमखास कानावर पडतं. “काका, माल घट्ट आहे, खाली उतरत नाही. थोडं पाणी घालू द्या.” घरमालक मान डोलावतो. तिथे जमलेला शेजारी, गावाकडून आलेले मामा, नुकतंच घर बांधून झालेला मेव्हणा या सगळ्यांकडे सल्ले असतात. सळई कुठल्या कंपनीची घ्यावी, वाळू नदीची की क्रश सँड, सिमेंट 43 ग्रेडचं की 53, यावर चहा होईपर्यंत वाद रंगतो. मिक्सरमध्ये किती बादल्या पाणी गेलं हे मात्र कुणी मोजत नाही. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या लहान घरबांधणीत सर्वांत जास्त नुकसान पाण्याच्या चुकीच्या मापानं होतं. नको तिथे आपण पाणी ओततो आणि हवं तिथे हात आखडता घेतो.

“जास्तीचं पाणी काय, उडून जातं,” असं मिस्त्री सांगतात. पाणी उडून जातं हे खरंच आहे, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. 50 किलोच्या एका गोणीतलं सिमेंट रासायनिक क्रियेत साधारण 12 लिटर पाणी स्वतःत बांधून घेतं. त्यावरचं पाणी माल कालवता यावा, साच्यात बसावा म्हणून लागतं. भारतीय मानक आयएस 456 नुसार एम-20 काँक्रीट ठरावीक प्रमाणानं, म्हणजे 1 : 1.5 : 3 अशा मापानं साइटवर कालवायचं असेल, तर एका गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालतं. हे वरचं टोक आहे, आणि वाळूत आधीच असलेला ओलावाही त्यातच धरायचा असतो. त्यापुढची प्रत्येक बादली काँक्रीट वाळताना बारीक पोकळ्या ठेवून जाते. अमेरिकेतल्या डफ एब्रम्स या संशोधकानं 1918 सालीच दाखवून दिलं होतं की चांगल्या ठोकलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. गोणीमागे 25 लिटरऐवजी 30 लिटर पाणी गेलं, तर ताकदीचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो. बाकी सगळं तेच, सिमेंटही तेवढंच, पैसेही तेवढेच.

ताकद कमी होते तेवढ्यावर हे थांबत नाही. त्या पोकळ्यांतून पुढे पावसाचं पाणी आणि हवा आत जाते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. पंधरा-वीस वर्षांच्या घरात स्लॅबच्या खालच्या बाजूनं पोपडे पडलेले आणि उघड्या सळया दिसतात, तेव्हा लोक “सिमेंट कमी घातलं होतं” म्हणतात. सिमेंट पुष्कळदा बरोबर असतं, पाणी जास्त झालेलं असतं.

मग माल खरंच घट्ट असेल, तुळईच्या दाट सळयांमध्ये उतरत नसेल तर काय करायचं? मिस्त्रींची अडचण खोटी नसते. तिला दोन उत्तरं आहेत. एक, प्लास्टिसायझर : सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपासचा डोस पाणी न वाढवता माल वाहता करतो. मात्र डब्यावर लिहिलेलाच डोस घ्यायचा, अंदाजानं ओतायचा नाही. दुसरं, सुईचा व्हायब्रेटर. तो चालू स्थितीत आणि वेळेवर साइटवर असला पाहिजे, त्याचं इंजिन बंद पडलं तर दुसरा हाताशी हवा. आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी बादलीला आतून रंगानं खूण करून ठेवा. “इथपर्यंत, एवढ्या बादल्या” हे मिक्सरवाल्याला भरणी सुरू होण्याआधी शांतपणे सांगितलं की तो ऐकतो. माल पडायला लागल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

शहरात आरएमसी, म्हणजे प्लँटवरून तयार येणारं काँक्रीट, मागवलं की निश्चिंत झालो, असं समजू नका. प्लँटवर माप बरोबरच असतं, पण गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, माल घट्ट होतो आणि साइटवर पोचल्यावर पाण्याचा पाइप सुरू होतो. चलनावर माल भरल्याची वेळ छापलेली असते. मानकाप्रमाणे तिथून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. चलन हातात घेऊन ती वेळ पाहा. ड्रममध्ये पाणी घालू देऊ नका, प्लँटच्या माणसाला प्लास्टिसायझर घालायला सांगा.

वाळूच्या ओलाव्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. किंचित ओली वाळू फुगते. पाच-सात टक्के ओलावा असला तर तिचं आकारमान 20 ते 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. म्हणजे ब्रासनं ओली वाळू घेतलीत तर खरी वाळू कमी मिळते, आणि घमेल्यानं मोजलीत तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. काचेच्या ग्लासात ओली वाळू न दाबता भरा, वरून पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. पातळी जेवढी खाली जाईल तेवढी ती फुगलेली होती.

आता उलट्या बाजूचा गैरसमज. “स्लॅब वाळला, कडक झाला, आता काय पाणी मारायचं?” काँक्रीट वाळल्यानं कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यातली क्रिया चालू राहते म्हणून ते कडक होतं, आणि आतलं पाणी उडून गेलं की ती क्रिया थांबते. कालवताना कमी पाणी आणि नंतर भरपूर पाणी, हा क्रम सरळ दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात. नव्या काँक्रीटला पाणी दिलंच नाही, तर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास अडकू शकते.

साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस सतत ओल हवी, पीपीसी (राख मिसळलेल्या) किंवा स्लॅग सिमेंटला किमान 10 दिवस, आणि 14 दिवस मिळाले तर उत्तम. बाजारात हल्ली बहुतेक गोण्या पीपीसीच्याच असतात, त्यामुळे गोणीवर काय छापलंय ते वाचा आणि 14 दिवसांचीच तयारी ठेवा. “53 ग्रेड घेतलंय, त्याला कमी पाणी लागतं” हेही चुकीचं. तो आकडा सिमेंट-वाळूच्या ठोकळ्याची 28 दिवसांची ताकद सांगतो, तुमच्या स्लॅबची नाही. 53 ग्रेड लवकर ताकद धरतं आणि लवकर उष्णता सोडतं, म्हणून त्याची ओल उलट जास्त जपावी लागते.

स्लॅबवर मालाच्या पट्ट्यांची आळी करून पाणी साठवतात, ही आपल्याकडची पद्धत चांगली आहे. खरी हेळसांड कॉलमची होते. उभ्या कॉलमवर सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला की पाणी दोन मिनिटांत ओघळून जातं आणि दुपारच्या उन्हात कॉलम कोरडाठाक पडतो. सगळा भार ज्याच्यावर, त्यालाच सर्वांत कमी पाणी. कॉलमला गोणपाट गुंडाळा, सुतळीनं बांधा आणि गोणपाट ओलं ठेवा. वर प्लास्टिक गुंडाळलं तर ओल टिकते. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात, विदर्भात दुपारी स्लॅब भरणं टाळा. पहिल्या काही तासांतच वरचा थर कोरडा पडून त्यावर जाळीसारख्या भेगा येतात. त्या झाकण्यासाठी वर कोरडं सिमेंट भुरभुरवून रंधा मारला की त्याची पापडी होते आणि पुढे ती सुटते.

सेंट्रिंगचा हिशोबही याच ओलीशी जोडलेला आहे. फळ्या आणि टेकू भाड्यानं असतात, म्हणून “आठवडा झाला, उतरवूया” अशी घाई होते. ओपीसीसाठी मानक सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी काढावेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे 14, त्यापुढच्या तुळईचे 21 दिवसांनी. पीपीसी हळू ताकद धरतं, त्याला अधिक वेळ द्यावा. चार दिवसांचं भाडं वाचवून तुळई वाकवून घेण्यात शहाणपण नाही.

पाणी कुठलंही चालतं का? पिण्यायोग्य पाणी चालतं हा ढोबळ नियम बरोबर आहे. कोकणात खाडीजवळच्या विहिरींचं आणि खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी मात्र तपासून घ्यावं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कारण सळई गंजवायला मीठ फार मदत करतं. खाडीची न धुतलेली वाळूही याच कारणानं धोक्याची.

विटा बांधकामाआधी भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषून घेतात. तेवढ्यावरून काही जण एएसी ब्लॉकही हौदात बुडवतात. ते करू नये. ब्लॉकचा पृष्ठभाग नुसता ओलसर करायचा.

पाया काळ्या मातीत असेल तर पाण्याचा विषय घर बांधून झाल्यावरही संपत नाही. भिंतींना तिरक्या भेगा पडल्या की गवंड्याला दोष दिला जातो. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हा खेळ जमिनीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालू शकतो. “चार फूट खणलं, भरपूर झालं” असं म्हणून चालत नाही. खाली पक्का मुरूम कुठे लागतो ते पाहावं लागतं, आणि तो फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केलेल्या, तळाशी रुंद असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा विचार करावा लागतो. उभ्या घरासाठीही करण्यासारखं आहे. जोत्याला लागून बाग करू नका, रोज पाणी घालावं लागणारी झाडं भिंतीपासून दूर ठेवा, गच्चीच्या पाइपचं पाणी पायाजवळ सोडू नका आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराची फरसबंदी करा. एका कोपऱ्याखालची माती ओली आणि दुसऱ्या कोपऱ्याखालची कोरडी, या फरकानंच भिंत फाटते.

शेवटी गळती. “आतून केमिकल मारून घ्या, थांबेल.” खालच्या खोलीच्या छताला मारलेलं केमिकल पाण्याची वाट बंद करत नाही. पाणी वरून स्लॅबमध्ये शिरतच राहतं, सळईपाशी मुरतं आणि दुसरीकडून बाहेर येतं. दुरुस्ती पाणी शिरतं त्या बाजूनंच करावी लागते. गच्चीला दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार आहे का, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई आहे का, पाइपाभोवतीचा सांधा सुटलाय का, हे आधी बघा. बाथरूममध्ये बहुतेक वेळा दोषी असतो नहाणी ट्रॅपचा सांधा. म्हणून वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, ट्रॅप बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. टाइलवाल्याला दोन दिवस थांबायला सांगणं जड जातं, पण नंतर टाइल फोडायला त्याहून जास्त खर्च येतो.

गच्चीवर एकदा कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) गळला की त्याच्यावर दुसरा कोबा घालायची सवय पुणे-मुंबईच्या जुन्या इमारतींत खूप आहे. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला 150 किलोपेक्षा जास्त भरतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे जवळजवळ 14 टन तरी होतात. लोकांच्या वावरासाठी गच्चीच्या स्लॅबवर नियमात धरलेला भारही चौरस मीटरला सुमारे 150 किलोच आहे. दुसरा थर घालायच्या आधी पहिला काढून टाका, आणि त्या स्लॅबच्या सळया आधीच गंजलेल्या असतील तर काम सुरू करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्चीवर बोलवा.