पाहण्याजोगे कांहीं अनुबोधपट

चित्रपट पाहण्याविषयीं आपल्या कुटुंबांतून बहुधा दोन मतें आढळतात. वडील मंडळी म्हणतात, ही वेळेची उधळपट्टी. तरुण मंडळी म्हणतात, दिवसभर काम केल्यावर घटकाभर करमणूक नको काय? या वादांत चित्रपटाच्या एका शाखेकडे दोन्ही पक्षांचें दुर्लक्ष होतें. कल्पित कथा व नटनटी यांना रजा देऊन खरीं माणसें, खरे पशुपक्षी आणि घडलेल्या गोष्टी यांचें दर्शन घडविणाऱ्या पटांस आपल्याकडे अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. चांगल्या ग्रंथाची शिफारस करावी त्याच हेतूनें अशा कांहीं निवडक पटांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे.

निवड कोणत्या कसोटीनें केली, तें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्या न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. पडद्यावर हत्ती दिसला म्हणजे आपण हत्ती प्रत्यक्ष पाहिला, असें मन समजतें. वस्तुतः आपल्या डोळ्यांचा संबंध येतो तो पडद्यावरील छायेशीं. हत्तीशीं संबंध आला तो छायाचित्रकाराचा. त्यानें काय टिपलें, काय गाळलें आणि कोणत्या क्रमानें जोडलें, या बाबतींत आपणांस त्याच्यावरच विसंबावें लागतें. म्हणजे अनुबोधपट हा प्रत्यक्षाचा वेष घेतलेला शब्दच होय. आणि शब्द प्रमाण केव्हां, तर तो आप्ताचा असेल तेव्हां. वस्तु जशी आहे तशी जाणणारा व जशी जाणली तशी सांगणारा, तो आप्त. ज्या पटांचे कर्ते या अर्थानें आप्त वाटले, तेच पट आम्हीं शिफारशीस घेतले आहेत.

आतां, आप्तानें कांहींच कौशल्य करूं नये असा याचा अर्थ नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वीं वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचा एक लहानसा पट तयार केला होता. थोडें थोडें टिपून अनेक दिवसांची वाढ त्यांनीं पाहतां पाहतां डोळ्यांपुढें उभी केली. तेथें काळ आंखडला. परंतु रोप खरोखरच वाढलें होतें. त्याहीपूर्वीं, १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचा पट घेतला, आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हां त्यांच्या स्वागताचा. भारतीय माणसानें घेतलेल्या अगदीं आरंभीच्या पटांत यांची गणना होते. कथापटाच्या आधीं आपल्याकडे अनुबोधपट आला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

उलट बाजूचीं उदाहरणेंही आहेत. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या जीवनावरील पट जगप्रसिद्ध आहे. त्यांतील नायकाचें खरें नांव नॅनूक नव्हतें. कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून बर्फाचें घर एका बाजूनें उघडें ठेवलें होतें. आणि हे लोक बंदुका वापरूं लागले असतांही शिकार जुन्या भाल्यांनीं करून दाखविली होती. एवढें जाणून पाहिल्यास हा पट अजूनही मोलाचा आहे. परंतु १९५८ चा डिस्ने संस्थेचा ‘व्हाइट विल्डरनेस’ याहून पुढें गेला. लेमिंग नांवाचे उंदरांसारखे प्राणी झुंडीनें पाण्यांत उड्या घेऊन जीव देतात, असें त्यांत दाखविलें. या पटास ऑस्कर पारितोषिकही मिळालें. पुढें १९८२ सालीं कॅनडांतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानें उघडकीस आणलें कीं, ते प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून लोटले होते. तोंवर लेमिंगांच्या आत्मघाताची गोष्ट जगभर लोकांच्या तोंडीं बसली होती, व ती अद्याप पुरती पुसली गेलेली नाहीं.

आजच्या काळीं हा धोका घराघरांत शिरला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें न घडलेली घटना हुबेहूब दाखवितां येते, आणि असा एखादा तुकडा नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांत पुढें ढकलण्याचें काम पोरांपेक्षां वडीलधारीं माणसेंच अधिक उत्साहानें करतात. आमच्या समवयस्कांनीं रागावूं नये, पण हें खरें आहे. खोटें नाणें ओळखावयाचें तर खऱ्या नाण्याचा हाताला सराव हवा. तो सराव व्हावा म्हणून पुढील पट सुचवितों.

प्रथम ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२). शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनीं काढलेला हा पट पी. के. नायर यांच्याविषयीं आहे. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तें खऱ्या अर्थानें उभें केलें तें नायरांनीं. जुन्या फिती लवकर पेट घेत; कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं नष्ट केल्या गेल्या. आपल्या देशांतील मूकपटांपैकीं फारच थोडे आज उरले आहेत. फाळक्यांच्या पटांचे जे भाग आपण पाहूं शकतों, ते उरले याचें श्रेय मोठ्या अंशीं नायरांस आहे. जुन्या पोथ्या गोळा करीत गांवोगांव हिंडणाऱ्या संशोधकांची परंपरा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा मनुष्य लगेच ओळखीचा वाटेल. पट सुमारें अडीच तासांचा आहे. दोन बैठकींत पाहावा.

दुसरा, सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२). अवघ्या वीस मिनिटांचा हा पट बिनोदबिहारी मुखर्जी या चित्रकाराविषयीं आहे. शांतिनिकेतनांत राय त्यांचे विद्यार्थी होते. बिनोदबिहारींची दृष्टि लहानपणापासूनच अधू. तरीही तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनीं मध्ययुगीन संतांचें विशाल चित्र रंगविलें. त्यांत कबीर, तुलसीदास आहेत आणि सूरदासही आहेत. पुढें डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली; पण काम थांबलें नाहीं. हातांनीं चांचपून हा मनुष्य नवी कलाकृति घडवितो, तें आपण पाहतों. रायांनीं प्रेक्षकांकडून दया मागितलेली नाहीं, आणि म्हणूनच मनांत आदर उत्पन्न होतो. गुरूविषयीं शिष्यानें कसें बोलावें, याचा हा उत्तम पाठ आहे.

तिसरा, ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७). शासनाची फिल्म्स डिव्हिजन ही संस्था १९४८ सालीं स्थापन झाली. पुढें ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आली. या संस्थेसाठीं एस. एन. एस. शास्त्री यांनीं १९४७ सालीं जन्मलेल्या तरुण-तरुणींस गांठून, देशाविषयीं, स्वातंत्र्याविषयीं व स्वतःच्या भवितव्याविषयीं बोलतें केलें. कोणी अभिमानानें बोलतो, कोणी कंटाळून. एक जण तर आपणांस देशाविषयीं प्रेम वाटत नाहीं असें स्पष्ट सांगतो. सरकारच्या पैशानें काढलेल्या पटांत हें वाक्य कापलें गेलें नाहीं, येथेंच कर्त्याची आप्तता दिसते. त्या पटांतील मुलें आज ऐंशीच्या घरांत आहेत. ज्यांच्या घरीं त्या वयाचे आजोबा-आजी असतील, त्यांनीं पट संपल्यावर नातवंडांकडून तेच प्रश्न त्यांस विचारवावेत.

चौथा बालगोपाळांसाठीं: कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ (२०२२), ज्यास २०२३ सालीं ऑस्कर मिळालें. तमिळनाडूंतील मुदुमलईच्या अरण्यांत बोम्मन व बेल्ली हीं दोघें रघु नांवाच्या पोरक्या हत्तीच्या पिलाचा सांभाळ करतात. त्याला न्हाऊं घालणें, भरविणें, रागावणें हें सर्व पोटच्या पोरासारखें चालतें. पुढें रघु मोठा झाल्यावर त्याला दुसऱ्यांच्या हवालीं करावें लागतें, तेव्हां त्या दोघांचें दुःख शब्दांवांचून समजतें. पट सुमारें चाळीस मिनिटांचा आहे. लहान मुलांस अवघड वाटणार नाहीं.

पांचवा, विठ्ठलभाई झवेरी यांचा ‘महात्मा’ (१९६८). गांधीजींचें चरित्र त्या त्या काळच्या चित्रफितींतून व छायाचित्रांतून येथें उभें केलें आहे. याची लांबी पांच तासांहून अधिक आहे, म्हणून पोथीसारखा रोज एक अध्याय लावावा. गांधीजींविषयीं ज्या घरांत मतभेद आहेत, त्या घरांत तर अवश्य लावावा. वाद घालावयाचाच तर माणूस पाहून मग घालावा.

शेवटचा पट पाहण्यास जड आहे, तरी तो वगळणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९). पत्रकार पी. साईनाथ विदर्भांतील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरीं जातात. कर्त्या पुरुषानें आत्महत्या केल्यावर मागें राहिलेल्या बायकामुलांशीं बोलतात. इकडे मुंबईंत सुती वस्त्रांच्या झगमगत्या प्रदर्शनाला वार्ताहरांची रीघ लागते, तिकडे कापूस पिकविणाऱ्याच्या अंगणांत फारसें कोणी फिरकत नाहीं. रोमचा सम्राट नीरो यानें मेजवानींत उजेडासाठीं बंदिवान जाळले, अशी कथा आहे. साईनाथांचा प्रश्न नीरोविषयीं नाहीं. त्या उजेडांत बसून जेवणारे पाहुणे कोण होते, असें ते विचारतात. तासाभराच्या या पटानंतर सुशिक्षित, सुखवस्तु घरांतील आपणां सर्वांस आपलें ताट कांहीं काळ निराळें दिसेल. हा पट लहान मुलांस दाखवूं नये. पण महाविद्यालयांत जाणाऱ्यांपासून लपवूंही नये.

पाहण्याच्या रीतीविषयीं दोन शब्द. फिल्म्स डिव्हिजनचे पुष्कळ जुने पट आतां आंतरजालावर विनामूल्य मिळतात, तेव्हां खर्चाची सबब उरत नाहीं. आठवड्यांतून एक रात्र यासाठीं नेमावी. स्वयंपाकघरांतील झांकपाक आटोपून घरांतील स्त्रियांस निवांतपणें बसतां येईल अशीच वेळ धरावी. पुरुषांनीं व मुलांनीं भांडीं उचलण्यास हात लावल्यास ती वेळ लवकर येते. सर्वांनीं आपापले मोबाइल एका टोपलींत ठेवून एकाच पडद्यापुढें बसावें. पट संपल्यावर तीन प्रश्न टाकावेत: हा कोणी व कोणाच्या पैशानें काढला? कॅमेरा कोठें उभा होता, आणि कोठें जाऊं शकला नसता? जें दिसलें तें आपोआप घडलें, कीं घडवून आणलें? उत्तर प्रथम घरांतील सर्वांत लहान मुलाला देऊं द्यावें, व वडिलांनीं शेवटीं बोलावें. चारसहा आठवडे हा क्रम चालला म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्राविषयींही हेच तीन प्रश्न मुलें आपण होऊन विचारूं लागतील. आणि त्या दिवशीं आजोबांनीं उत्तर तयार ठेवावें.