एल्व्हा नदीची मोकळी वाट

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की कोकणातील ओढ्यांतून मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. लोक त्यांना चढणीचे मासे म्हणतात. अंडी घालण्यास योग्य जागा शोधीत ते निघालेले असतात. त्यांची ही वाट कायमची अडली तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर दूरच्या अमेरिकेतील एका नदीच्या इतिहासात सापडते.

त्या नदीचे नाव एल्व्हा. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक पर्वतात उगम पावून सुमारे ७२ किलोमीटरांचा प्रवास करीत ती समुद्राला मिळते. सॅमन नावाच्या माशांच्या पाच जाती पूर्वी या नदीत विपुल होत्या. सॅमनचा जन्म नदीत होतो. पुढे तो समुद्रात जातो आणि तेथे काही वर्षे वाढून अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मनदीकडे परततो. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते व त्यात अंडी घालते. गोट्यांच्या फटींतून थंड, स्वच्छ पाणी खेळत राहिले, तरच ती अंडी जगतात. नदीकाठी राहणाऱ्या क्लालम लोकांचे जीवन याच माशांवर अवलंबून होते.

१९१३ मध्ये विजेसाठी या नदीवर ३३ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये त्याच्या वरच्या बाजूस ६४ मीटर उंचीचे दुसरे उभे राहिले. माशांना वर जाण्यासाठी एकाही धरणात वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे मुखाजवळचा जेमतेम ८ किलोमीटरांचा प्रवाहच त्यांच्या वाट्यास उरला. हानी एवढ्यावरच थांबली नाही. नदी वाहून आणीत असलेले गोटे व वाळू धरणांमागे अडकून पडली. खालच्या पात्रात अंडी घालण्याजोगी जागा कमी झाली आणि मुखाजवळचा किनाराही झिजू लागला. माशांची संख्या झपाट्याने घटली.

क्लालम लोकांनी व निसर्गप्रेमींनी दीर्घकाळ प्रयत्न केल्यावर नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा १९९२ मध्ये झाला. सप्टेंबर २०११ मध्ये धरणे उतरविण्यास प्रारंभ झाला. हे काम टप्प्याटप्प्याने करण्यात आले. कारण धरणांमागे सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साठला होता आणि तो एकदम सुटता, तर खालचे पात्रच बुजून गेले असते. खालचे धरण २०१२ मध्ये आणि वरचे २०१४ मध्ये नाहीसे झाले. उघड्या पडलेल्या जलाशयांच्या तळांवर तेथील मूळच्या वनस्पतींची रोपे लावण्यात आली. माशांना आसरा मिळावा म्हणून खालच्या पात्रात मोठमोठ्या ओंडक्यांचे ढीगही रचण्यात आले.

वरचे धरण हटले त्याच वर्षी काही सॅमन त्या जागेच्याही वर पोहोचलेले आढळले. वाहून आलेल्या वाळूने मुखाशी नवा किनारा तयार केला. माशांची संख्या वाढावी म्हणून २०११ पासून नदीतील मासेमारी बंद ठेवण्यात आली होती. २०२३ मध्ये क्लालम लोकांना मर्यादित प्रमाणात पुन्हा मासे धरता आले. तथापि सर्व जाती अद्याप पूर्वीइतक्या वाढलेल्या नाहीत. शंभर वर्षांची हानी दहा वर्षांत भरून निघत नाही.

धरणे मनुष्याच्या गरजेची असतात. त्यांच्या पाण्यावर शेते पिकतात, त्यांच्या विजेने घरे उजळतात. परंतु बांधतानाच नदीतील जीवांची वाट राखून ठेवणे हे मागाहून धरण फोडण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.