खाडीच्या पाण्यात विजेची मोटर

विजेच्या बोटीची मोटर थंड ठेवणे हे डिझेल इंजिनाच्या मानाने हलके काम आहे. डिझेलच्या ऊर्जेपैकी साधारण ३५ ते ४० टक्के पंख्याच्या दांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. चांगल्या विद्युत मोटरीत ही गळती ५ ते १० टक्क्यांचीच. ५० किलोवॅटच्या मोटरीतून पूर्ण जोरात चालताना सुमारे ४ किलोवॅट उष्णता काढून न्यावी लागते. पाणी ५ अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर त्यासाठी मिनिटाला ११-१२ लिटर पाणी पुरते. घरातला नळ तेवढे देतो. बोटीभोवती तर पाणीच पाणी. पण ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या खाडीतले ते पाणी मोटरीत घेतले, की ती थंडही होते आणि सडूही लागते.

उष्णता काढली नाही तर काय होते हे ठरलेले आहे. मोटरीतल्या तारांवरचे आवरण ठरावीक तापमानापर्यंतच टिकते: एफ वर्गाचे १५५ अंश सेल्सिअस, एच वर्गाचे १८०. तापमान दर १० अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. निओडिमियमची चुंबके त्याहून नाजूक. त्यांचे साधे प्रकार ८० अंशांच्या पुढे जोर गमावू लागतात, आणि गेलेला जोर मोटर गार झाल्यावर पूर्ण परत येईलच असे नाही. ही चुंबके ओलाव्याने गंजतातही, म्हणून त्यांवर निकेलसारख्या धातूचा थर चढवलेला असतो.

सगळ्यात सोपा उपाय हवेचा. मोटरीच्या अंगावर पाती आणि मागे पंखा असला की लहान होडीचे भागते. कोकणपट्टीच्या दमट, खारट हवेत मात्र तो धोक्याचा ठरतो. हवेतले मीठ आत साचते, ओलावा ओढून घेते आणि जोडांवर वीज वाहून नेणारा पातळ पडदा तयार होतो. दुसरा उपाय, मोटरीच्या आवरणातून थेट खाडीचे पाणी खेळवण्याचा. तो स्वस्त आहे आणि लवकर महाग पडतो.

मीठ धातूला खाते ते दोन वाटांनी. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो, तोच त्यांचे चिलखत. मिठातले क्लोराइड हा थर टिंबाटिंबाने भेदते आणि खाली खड्डे पडतात. ३०४ जातीच्या स्टेनलेसला खाऱ्या पाण्यात हेच होते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ बरे, पण साचलेल्या पाण्यात, गॅस्केटखाली किंवा चिकटलेल्या बार्नेकलखाली, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे तेही हरते. दुसरी वाट दोन धातूंच्या संगतीची. ॲल्युमिनियमचे आवरण आणि त्याला जोडलेली तांब्याची नळी एकाच खाऱ्या पाण्यात आली की त्यांची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते.

ही झीज दुसऱ्या धातूवर ढकलण्याची युक्ती दोनशे वर्षे जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे वाचले, पण ते विरघळेनासे झाल्यामुळे त्यावर शंख-शिंपले बिनधास्त वाढू लागले आणि जहाजे मंदावली. खाऱ्या पाण्यात एक इलाज दुसरे दुखणे आणतो, त्याचा हा जुना दाखला.

ठाणे-कल्याण परिसरात आणखी एक पेच आहे. वसई खाडी, उल्हास नदी आणि ठाणे खाडी मिळून झालेला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ हा २०१६ च्या कायद्याने जाहीर झाला. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत आणि भाईंदरच्या धक्क्यांची योजनाही आखली गेली. कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रोच्या विजेच्या बोटी बॅकवॉटरमध्ये धावत असल्याने इथेही तशाच बोटींचा विचार होणे स्वाभाविक आहे. पण इथले पाणी वर्षभर एकसारखे नसते. मे महिन्यात भरतीबरोबर खारेपणा कल्याणकडे सरकतो, जुलै-ऑगस्टमध्ये उल्हास, काळू आणि भातसेचे पाणी त्याला मागे रेटते. डेव्हीच्या युक्तीप्रमाणे झीज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे, म्हणजे ॲनोड, समुद्रात उत्तम चालतात. मचूळ पाण्यात त्यांवर थर चढून ते सुस्तावतात. मॅग्नेशियम गोड्या पाण्याचे, खाऱ्यात ते पाहता पाहता संपते. म्हणून या खाडीत इंडियमयुक्त ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड अधिक भरवशाचे.

त्यात सांडपाणी आणि गाळ. उल्हास खोऱ्यातल्या शहरांचे व कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या, प्राणवायू संपलेल्या काळ्या गाळात सल्फाइड तयार होते, आणि समुद्रात नावाजलेल्या तांबे-निकेलच्या नळ्यांना तेच पोखरते. अशा जागी टायटॅनियमच्या पट्ट्यांचा उष्णता विनिमयक जास्त टिकतो, किंमत मात्र चांगलीच चढी. प्लास्टिक आणि जलपर्णी गाळणी तुंबवतात, ते वेगळेच.

म्हणून सुज्ञ रचना खाडीला बाहेर ठेवते. मोटर आणि कंट्रोलरमधून गोडे पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक यांचे मिश्रण बंद चक्रात फिरते. ते तळाला बसवलेल्या नळ्यांमधून जाताना बाहेरच्या पाण्याला उष्णता देते. याला कील कूलर म्हणतात. खाऱ्या पाण्याचा पंपच नसल्याने तुंबायला काही उरत नाही. ओहोटीला बोट चिखलावर टेकते, त्यामुळे नळ्या तळाच्या खोबणीत हव्यात. आणि त्यांवर जाड रंगाचे थर नकोत, ते उष्णता अडवतात. उष्णता विनिमयकच वापरायचा असेल, तर बाहेर पडणारे खारे पाणी ५० अंशांच्या आत ठेवावे. त्यापुढे क्षाराची पुटे लवकर चढतात. उलट पावसाळ्यात मोटर अवाजवी गार केली, तर तिच्या आतल्या दमट हवेचे दव तारांवर धरते. थर्मोस्टॅट लागतो तो यासाठीच.

वीज स्वतःही गंज वाढवते. बॅटरीच्या उच्च दाबाच्या तारा बोटीच्या सांगाड्यापासून पूर्ण अलग हव्यात. थोडासा प्रवाह सांगाड्यातून पाण्यात झिरपला, तर एरवी वर्षांत होणारी झीज काही आठवड्यांत होते. इन्सुलेशनवर सतत पहारा देणारे यंत्र म्हणूनच बसवतात. ॲनोड निम्मे झिजले की बदलायचे आणि त्यांना कधीही रंग लावायचा नाही. कूलरवरचे बार्नेकल लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढायचे, बंद चक्रातले मिश्रण उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलायचे, आणि त्यात नळाचे नव्हे तर क्षारमुक्त पाणी घालायचे.