उभ्या उभ्या म्हातारी होणारी गाडी

मोटारीमागे जोडून न्यायच्या कॅरव्हानचे टायर पाच वर्षांनी बदलायला घ्यावेत आणि सात वर्षांपुढे अजिबात वापरू नयेत, असा ब्रिटनमधल्या कॅरव्हान क्लबांचा सल्ला असतो. मग टायरवरची नक्षी कोरी करकरीत का दिसेना. तिथला कायदा खाचांची खोली 1.6 मिलिमीटर भरली की गप्प बसतो आणि कॅरव्हानच्या टायरवर त्याच्या कितीतरी पट खोली शिल्लक असते. कारण ही गाडी वर्षातले थोडे आठवडे रस्त्यावर असते, बाकीचा काळ घराशेजारी नाहीतर भाड्याच्या आवारात उभी. टायर खराब होतो तो या उभं राहण्यानंच.

रबराच्या रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावरच घाला घालतो. म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. मात्र ती पृष्ठभागावर येत राहायची तर टायर सारखा दबला-सुटला पाहिजे. रोज धावणाऱ्या मोटारीत हे आपसूक होतं. सहा महिने एकाच जागी भार घेऊन उभ्या असलेल्या टायरला हे संरक्षण मिळत नाही आणि त्याच्या बाजूवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 3219 म्हणजे 2019 सालातला बत्तिसावा आठवडा. जुनी कॅरव्हान बघायला आलेला जाणकार आतला सोफा-पडदे बघण्याआधी वाकून हे आकडे वाचतो.

टायर निदान बदलता तरी येतो. चाकांवरच्या या घराचं काय? कॅरव्हान किती वर्षं ठेवावी, हा प्रश्न तिथल्या मालकांना दर दोन-चार वर्षांनी छळतो आणि त्याचं उत्तर बाहेरून कोणी देत नाही. या गाडीला इंजिन नाही, त्यामुळे किलोमीटर मोजणारं यंत्रही नाही. साडेतीन हजार किलोपर्यंतच्या कॅरव्हानला मोटारीसारखी सक्तीची वार्षिक तपासणीही नाही. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओची पायरी चढावीच लागते. तिथे कॅरव्हानच्या बाबतीत सगळं मालकाच्या अकलेवर सोडलेलं आहे.

हौसेखातर बांधलेली पहिली कॅरव्हान म्हणून जिचं नाव घेतात ती ‘वाँडरर’ 1885 सालची. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकानं ती ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून बांधून घेतली. महोगनीचं लाकूड, अठरा फूट लांबी, दोनेक टन वजन, ओढायला दोन घोडे. ती आजही जपून ठेवलेली आहे. इतकं जड लाकूड वापरलं तर गाडी टिकते, पण मोटार तिला ओढू शकत नाही. भरलेल्या कॅरव्हानचं वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा तिथे रूढ सल्ला आहे. 1919 मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीनं मोटारीमागे न्यायच्या कॅरव्हान विकायला काढल्या, तेव्हापासून कारखानदारांची सगळी धडपड वजन उतरवण्याची आहे. त्यातून आजची भिंत जन्माला आली. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्मोकोल, त्यातून गेलेल्या लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लायवूड, आणि हे सगळं गोंदानं चिकटवलेलं.

हलकी आणि उबदार अशी ही भिंत पाण्यापुढे मात्र हात टेकते. हिशेब करून बघा. सहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमान चाळीस अंशांनी वाढलं की साडेपाच मिलिमीटरनं लांबतो. त्याला चिकटलेलं लाकूड तेवढ्याच फरकानं जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर लांबतं. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांच्यामध्ये ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते. ती सोसायची कोणी? कोपऱ्यांच्या आणि पट्ट्यांच्या खाली भरलेल्या लुकणासारख्या मऊ मसाल्यानं. हा मसाला दहा-बारा वर्षांत वाळतो, आक्रसतो, स्क्रूच्या भोकांपाशी सुटतो. फट दिसतही नाही इतकी बारीक असते. पण बारीक फटीतच केशाकर्षण जोरात चालतं. पाणी आत ओढलं जातं, वरही चढतं. पत्र्याआड गेल्यावर त्याला वाळायला वाटच नाही. भरीला माणसं आतूनही ओल पुरवतात. किलोभर प्रोपेन जाळला की 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि शेगडीची वाफ आतच राहते.

ही ओल मोजायचं एक हातातलं यंत्र असतं. कोरडं लाकूड विजेला जवळपास अडवतं, ओलं लाकूड वाट देतं. ओल वाढते तसा हा रोध हजारो पटींनी घसरतो आणि यंत्र तो टक्क्यांत दाखवतं. पंधराच्या आत असेल तर ठीक, वीसच्या पुढे गेलं तर शोध घ्या, तीसच्या पुढे आतलं लाकूड गेलं असं समजा, असा तिथल्या तपासनिसांचा ढोबळ ठोकताळा. त्याला जीवशास्त्राचा आधार आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशांना वीस टक्क्यांखाली सहसा पाय रोवता येत नाहीत. अठ्ठावीस-तीसला लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यानं तुडुंब होतात आणि तिथून कुजणं वेग घेतं. मात्र सुटा आकडा फसवतो. हवेत 85-90 टक्के आर्द्रता असेल तर गळतीशिवायही लाकूड अठरा-वीस टक्क्यांपर्यंत पोचतं. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातली एखादी लाकडी बांध्याची गाडी जुलैत कोकणात उभी करून मोजली, तर हे यंत्र उगाचच घाबरवेल. म्हणून चांगला तपासनीस एका भिंतीवर अनेक ठिकाणी मोजतो. सगळीकडे सतरा आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात एकोणतीस असेल, तर गळती तिथेच आहे.

जमिनीचं दुखणं वेगळं. दारापाशी आणि ओट्यापुढे, जिथे पावलं सारखी पडतात, तिथे प्लायवूड आणि खालचा फोम यांच्यातला गोंद सुटतो. पायाखाली जमीन दबते, कुरकुरते. यावर इलाज आहे: प्लायवूडला ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांतून राळ भरायची, वरून वजन ठेवायचं, भोकं खुंट्यांनी बुजवायची. एवढ्यानं जमीन पुन्हा घट्ट होते. कुजलेल्या भिंतीचं असं नाही. आतलं अस्तर उतरवून लाकूड बदलावं लागतं आणि त्यात मजुरीच जास्त जाते. ब्रिस्टलच्या ‘बेली’ आणि हलजवळच्या ‘स्विफ्ट’ या कॅरव्हान कंपन्यांनी 2010 च्या आसपास आणि त्यानंतर ॲल्युमिनियमचे, पॉलियुरेथेनचे सांगाडे आणले, ते याच दुखण्यावर उपाय म्हणून. पॉलियुरेथेन कुजत नाही. पण पाणी आत यायचं ते येतंच, हे विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात.

आता पैशांकडे. आकडे निव्वळ नमुन्याचे आहेत. नवी कॅरव्हान 25 हजार पौंडांची धरा. वर्षानं तिचे 20 हजार येतात, पाच वर्षांनी 13, दहा वर्षांनी 7, पंधरा वर्षांनी साडेतीन, वीस वर्षांनी एक हजार. देखभालीची वार्षिक सरासरी एक वर्ष ठेवल्यास 300 पौंड, पाच वर्षं ठेवल्यास 400, दहाला 600, पंधराला 900 आणि विसाला 1,300. घसारा आणि देखभाल मिळून एका वर्षाचा सरासरी खर्च किती? एका वर्षात विकली तर 5,300. पाच वर्षांनी 2,800, दहा वर्षांनी 2,400, पंधरा वर्षांनी 2,333, वीस वर्षांनी पुन्हा 2,500. या आलेखाचा तळ सपाट आहे. दहाव्या वर्षी विकली काय, पंधराव्या वर्षी विकली काय, वर्षाकाठी सत्तर पौंडांचाही फरक नाही. दर तीन वर्षांनी नवी घेणारा मात्र घसाऱ्याचा सर्वांत तीव्र उतार पुन्हा पुन्हा विकत घेतो.

मधेच ओल निघाली तर? अकराव्या वर्षी तीन हजारांची दुरुस्ती समोर आली की ‘आता काढूनच टाकू’ असं वाटतं. पण गिऱ्हाइकाच्या हातातही तेच यंत्र असतं; ओल दिसली की तोही तीन हजार कापूनच बोलणार. नुकसान होऊन गेलेलं आहे, विकली तरी आणि ठेवली तरी. खरा प्रश्न एवढाच, की दुरुस्तीनंतर ती कोरडी राहील का. एकाच सांध्याची गळती असेल तर मी दुरुस्त करून ठेवावी म्हणेन. चारही कोपऱ्यांचा मसाला वाळला असेल, तर आज एक कोपरा आणि पुढल्या पावसाळ्यात दुसरा.

वयापेक्षा अवस्था बघून निर्णय घेण्याचा अर्थशास्त्रात गाजलेला अभ्यास बसच्या इंजिनांवर झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या बससेवेचे देखभाल-प्रमुख हॅरल्ड झर्चर दर महिन्याला एकेका बसबद्दल ठरवत: इंजिन अजून चालवायचं की बदलायचं. जॉन रस्ट या अर्थतज्ज्ञानं 162 बसच्या नोंदी घेतल्या आणि 1987 मध्ये दाखवलं, की झर्चर यांचे अनुभवी निर्णय गणितानं काढलेल्या सर्वोत्तम धोरणाशी चांगले जुळतात. काही इंजिनं सव्वा लाख मैलांच्या आसपासच उतरली, काही साडेतीन लाखांच्या पुढे चालली. ठरावीक वय असं नव्हतंच.

गाडी विकण्याची काही कारणं मात्र कुठल्याच समीकरणात बसत नाहीत. बऱ्याच कॅरव्हानमध्ये रोज रात्री टेबल खाली घेऊन, गाद्या जुळवून पलंग करावा लागतो, सकाळी पुन्हा मोडावा लागतो. साठीच्या पुढचं जोडपं याला कंटाळतं आणि कायमच्या पलंगाची गाडी घेतं. किंवा मोटार विजेवरची येते, जुनी जड कॅरव्हान जोडली की एका चार्जमध्ये पल्ला पार आखडतो, म्हणून हलकी घेतात. अशा घरांतून निघालेली दहा-बारा वर्षांची, तपासणीचे जुने कागद नीट लावून ठेवलेली, कोपऱ्यांत तेरा-चौदा टक्के दाखवणारी गाडी ही जुन्या बाजारातली सर्वांत फायद्याची खरेदी. टायर तेवढे नवे घालायचे.