आप्त कोणाला म्हणावे? ठेव आणि ओळख सांभाळण्याविषयी

 

विषय पैशाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर, म्हणून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. ते योग्यच आहे. ठेव कुठे ठेवावी हे आम्हाला इतरांपेक्षा अधिक कळते असे नाही. उलट, आमची एक चूक आहे आणि त्या चुकीमुळेच आम्ही या विषयाकडे वळलो. ती आधी सांगतो.

आमची धाकटी बहीण वसमतकडे असते. यजमान गेल्यानंतर शेती तिनेच सांभाळली. दहा-बारा वर्षांपूर्वी हळदीला बरा भाव मिळाला आणि तिच्या हाती तीन लाख रुपये आले. तिने आम्हाला विचारले, "दादा, कुठं ठेवू?" तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी एका पतसंस्थेचे काम करत होता. बँकेपेक्षा तीन-चार टक्के व्याज जास्त. आम्ही म्हणालो, मुलगा आपला आहे, खुशाल ठेव. दोन वर्षांत संस्थेचे शटर खाली आले. संस्थेचे नाव इथे घेत नाही, त्याची गरजही नाही. तीन लाखांतले चाळीसेक हजार तुकड्या-तुकड्याने परत आले, बाकीचे आजतागायत नाहीत.

आता लक्षात घ्या, तो विद्यार्थी लबाड नव्हता. त्याने स्वतःच्या आईचे पैसेही तिथेच ठेवले होते. तेही गेले. मग आमचे चुकले कुठे?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, तर ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात की हे लक्षण ऋषींना लागू आहे तसेच परक्या म्लेच्छालाही. म्हणजे आप्त असण्यासाठी नाते लागत नाही, माहिती लागते. आणि मराठीत आपण या शब्दाचे काय केले? आप्त म्हणजे सोयरा, नातलग. 'आप्तेष्ट' म्हणून लग्नाच्या पत्रिकेत छापतो. विद्यार्थी आमचा मराठीतला आप्त होता, न्यायशास्त्रातला नव्हता. त्याची इच्छा चांगली होती, पण संस्थेने कर्जे कोणाला दिली हे त्याला माहीत नव्हते. आणि बहिणीच्या दृष्टीने पाहिले तर आम्ही स्वतःही तसेच.

आजचे व्याख्यान एवढ्याच मुद्द्यावर आहे. बँक बुडणे आणि ओळख चोरीला जाणे या दोन वेगळ्या आपत्ती वाटतात. आमच्या मते दोन्हींचे मूळ एक आहे: खात्री करून घेण्याच्या जागी आपण ओळखीवर भागवतो.

पाटी सारखी, कायदा वेगळा

आपण बँकेत पैसे 'ठेवतो' असे म्हणतो. घरात डब्यात ठेवतो तसे ते नसते. कायद्याने आपण बँकेला उसने दिलेले असतात. बँक ते पुढे कर्जाऊ देते. कर्ज परतले नाही तर आधी बँकेचे भांडवल जाते, नंतर आपली ठेव धोक्यात येते. म्हणजे ठेवीदार हा सावकारच आहे, फक्त तारण न मागणारा.

आता हिंगोलीच्या बाजारपेठेत फिरा. एका ओळीत राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँक, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटी अशा पाट्या दिसतील. काचेचे दार, काउंटर, पासबुक, सगळे सारखे. पण पहिल्या चार ठिकाणी रिझर्व्ह बँकेचे नियमन आणि ठेवीचा विमा असतो. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली, निबंधकांकडे नोंदलेली. मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. या दोन्हींवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि त्यांच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा नाही. तिथे आपण ग्राहक नसतो, सभासद असतो. फॉर्मवर 'नाममात्र सभासद' असे लिहिलेले असते आणि आपण खाली सही करून मोकळे होतो.

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने बारा ते चौदा टक्के व्याजाचे आश्वासन देऊन मराठवाडाभर ठेवी गोळा केल्या. २०२३ मध्ये ठेवी परत मिळणे थांबले. संस्थेचा पैसा संस्थाचालकांच्याच उद्योगसमूहाकडे कर्जरूपाने वळवला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. सहारा समूहाच्या चार मल्टिस्टेट सोसायट्यांचे पैसे परत करण्यासाठी केंद्राला जुलै २०२३ मध्ये पोर्टल काढावे लागले, आणि सुरुवातीला एका ठेवीदाराला मिळणार होते जास्तीत जास्त दहा हजार. राज्यात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होतात, त्यांची विक्री होते आणि मग वाटप. हे सगळे होईपर्यंत माणूस म्हातारा होतो.

सगळ्या पतसंस्था वाईट असे आम्ही म्हणत नाही. अडीनडीला गावातल्या माणसाला त्यांनी कर्ज दिले आहे. पण आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवताना मागे विम्याची भिंत नाही, एवढे माहीत असावे.

विम्याची भिंत किती उंच?

१९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होते दीड हजार रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हप्ता बँक भरते, आपल्याला काही द्यावे लागत नाही.

हे पाच लाख मोजायचे कसे, यात गफलत होते. मर्यादा एका माणसाला एका बँकेत आहे, प्रत्येक शाखेत नव्हे. हिंगोली शाखेत तीन लाख आणि कळमनुरी शाखेत तीन लाख असतील तर विमा सहाचा नाही, पाचचाच. बचत, मुदत, आवर्त सगळे एकत्र मोजतात. व्याजही त्यातच धरतात. चार लाख ऐंशी हजारांची ठेव व्याजासह पाच लाख वीस हजार झाली, की वरचे वीस हजार उघड्यावर. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या आत थांबावे आणि बाकीचे दुसऱ्या बँकेत ठेवावे.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. नऊ वर्षे! आता निर्बंध लागल्यापासून साधारण नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असा नियम आहे. त्यासाठी आपण बँकेकडे संमतीचा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. म्हणजे दुसरे खाते आधीपासून असलेले बरे. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा तिथल्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. पाच लाखांच्या आत राहिलेला माणूस असा तरतो.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, चांगली बँक पाहून ठेवावे. इथे पीएमसी बँक आठवा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहात अडकली होती. ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली होती. वर्षानुवर्षे तपासनिसांना ते दिसले नाही. मग पासबुक हातात घेऊन आपण काय ओळखणार? म्हणून आमचे म्हणणे असे की कोणती बँक बुडेल हे ओळखण्याच्या फंदात पडू नये. आपल्याला ओळखता येणार नाही हे गृहीत धरावे, आणि कोणतीही एक बुडाली तरी आपण बुडणार नाही अशी मांडणी करावी.

आता उलट बाजू: बँक आपल्याला कशी ओळखते?

पीएमसीची ती बनावट खाती म्हणजे नसलेल्या माणसांची ओळख उभी करणे. आता असलेल्या माणसाची ओळख पळवण्याकडे येऊ.

पूर्वी खाते उघडायला ओळखदार लागायचा. बँकेतला जुना खातेदार सही करायचा की हा अमका, मी याला ओळखतो. आज ती सही आधार, मोबाईल नंबर, ओटीपी आणि अंगठा करतात. यंत्राला चेहरा माहीत नाही, त्याला फक्त खूण जुळते का एवढे कळते. खूण ज्याच्या हाती, तो आपण. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत चोरांनी बँकेच्याच यंत्रणेची नक्कल उभी केली. एटीएमने विचारले की ही रक्कम देऊ का, आणि बँकेच्या जागी चोरांची यंत्रणा 'हो' म्हणाली. अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले. एकूण ९४ कोटींहून अधिक गेले. बँकेचीच ओळख जिथे चोरता येते, तिथे तुमच्या-आमच्या ओळखीचे काय घेऊन बसलात!

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट बघू. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार काढायला कितीतरी महिला बँकमित्राकडे जातात. आधार क्रमांक सांगायचा, अंगठा ठेवायचा, पैसे घ्यायचे. सोय मोठी आहे. पण "अंगठा उमटला नाही मावशी, परत ठेवा" असे ऐकले की सावध व्हावे. पहिल्या वेळी खरेच उमटला नव्हता का? पावती मागावी. अयशस्वी व्यवहाराचीही पावती निघते. घरी आल्यावर बँकेचा मेसेज पाहावा किंवा कोणाकडून वाचून घ्यावा.

अंगठ्याची आणखी एक अडचण आहे. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. जमिनीच्या दस्तांवरून ठशांच्या नकला बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघड झाले आहेत. त्यावर उपाय फुकट आहे: आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक कुलूप लावता येते. गरज पडेल तेव्हा काही वेळ उघडायचे. जे अंगठ्याने कधीच पैसे काढत नाहीत, त्यांनी आज रात्रीच लावावे. आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत डाउनलोड करून द्यावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथी पोर्टलवर दिसते. आपले नसलेले तिथेच कळवता येते. मोबाईलची रेंज अचानक गेली आणि तास-दोन तास आली नाही, तर टॉवरला दोष देत बसू नका. कोणी आपल्या नावावर दुसरे सिम काढलेले असू शकते. आणि वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो पाहावा. आपण न काढलेले कर्ज तिथे सापडते.

फोनवर पोलीस, बँक, सीबीआय असल्याचे सांगणाऱ्यांबद्दल एवढेच: खरा कोण हे आवाजावरून ठरवू नका. इथेही तीच मांडणी करायची. फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर स्वतः लावायचा. रोजच्या यूपीआयसाठी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते ठेवायचे. मुदत ठेवीचे खाते मोबाईलला जोडून ठेवण्याची घाई नको.

एवढे करूनही पैसे गेलेच तर? लाजून बसू नका, तो वेळ चोराच्या कामी येतो. लगेच १९३० वर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी थोपवता येते. मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक असे की चूक आपली नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून पोचपावतीवरची तारीख आणि वेळ सोन्यासारखी जपा.

शेवटी वारसाचे. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनीला खातेच माहीत नसेल तर काय उपयोग? घरातल्या एका माणसाला कागदांची जागा सांगून ठेवा. पिन सांगू नका, जागा सांगा. जुनी विसरलेली ठेव शोधायला रिझर्व्ह बँकेचे उद्गम पोर्टल आहे.

तर, यापुढे आप्त कोणाला म्हणायचे? जो सांगतो ते त्याला कशावरून माहीत, हे ज्याला विचारता येते आणि जो रागावत नाही, त्याला.

गेल्या हंगामात बहीण घरी आली. हळदीचे पैसे होते. एका बँकेचे पत्रक तिच्या पिशवीत होते. आम्ही पाहिले आणि म्हणालो, ही बरी दिसते. ती म्हणाली, "दादा, विमा आहे म्हणता, ते कुठं लिहिलंय?" आम्हाला पाठ नव्हते. मग दोघांनी बसून ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर बँकांची यादी काढली, चष्मा पुसून नाव शोधले, सापडले. तेव्हा कुठे तिने पत्रक परत पिशवीत ठेवले आणि चहा घेतला.