खुर्सीपारच्या मातीवरचं मराठी राज्य

भिलाईतल्या आमच्या खुर्सीपारची ओळख पोलादाची, पण या मुलखावर शंभर वर्षांहून अधिक काळ नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्याआधी इथे रतनपूर आणि रायपूरच्या कलचुरींची सत्ता होती. 1741 मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूर घेतलं. पुढे बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांनीच बांधलं. बिलासपूरकडे गेलात तर ते नक्की पाहा!

1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारसाविना गेले आणि 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. 1856 च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी सावकाराचं कोठार फोडून भुकेल्यांना धान्य वाटलं. पुढे इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल 10 डिसेंबर 1857 ला रायपुरात त्यांना फाशी झाली.

या मुलखाच्या इतिहासातले मला सर्वांत जवळचे वाटतात ते लेखक-संपादक माधवराव सप्रे. घर मराठी, लेखणी हिंदी! 1900 मध्ये त्यांनी पेंड्रासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. 1907 मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू करून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. त्यापायी 1908 मध्ये अटकही सोसली. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले तेही सप्र्यांनीच. इथल्या प्रत्येक मराठी घरातल्या मुलांना हे नाव माहीत असायलाच हवं.