दीड व्होल्टची गळती

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी अद्याप निगुतीने सांभाळणारे जे रसिक पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांसाठी हिंडतात, त्यांना हा अनुभव नवा नाही की, दिवे लख्ख लागतात, बॅटरीही नवीच असते, आणि तरीही सेल्फ मारताच एंजिन नुसते कण्हते. ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बॅटरीत नसून तिच्या टर्मिनलांवर असते. कारण हॉर्न, फॉग लॅम्प, टेपरेकॉर्डर अशी जी जी उपकरणे कालांतराने गाडीत दाखल झाली, त्यांची प्रत्येक तार कोणीतरी त्याच एका क्लॅम्पच्या बोल्टाखाली दडपलेली असते.

शिसे व गंधकाम्ल यांच्या ह्या संचायक घटाची मूळ कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केली. सुमारे २.१ व्होल्टचा एक, असे सहा घट मिळून १२.६ व्होल्ट होतात. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअर प्रवाह वाहतो असे धरले आणि एखाद्या सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच रोध असला, तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडून सव्वादोनशे वॅट शक्तीची केवळ उष्णता होते. हेडलाइटांना मात्र सात-आठ अँपिअर पुरत असल्याने त्यांच्या वाट्याची तूट एक दशांश व्होल्टाहूनही कमी भरते, आणि दोष झाकला जातो. हा रोध उत्पन्न करतात ते आम्लाच्या सूक्ष्म तुषारांनी शिशावर धरलेले पांढरे आणि तांब्यावर धरलेले निळसर-हिरवे क्षार. शिवाय प्रवाहाची परतीची वाट गाडीच्या बॉडीतूनच असल्यामुळे, आणि एंजिन रबरी बैठकांवर विसावलेले असल्यामुळे, दोहोंना जोडणारी अर्थची पट्टी गंजली तरी परिणाम तोच होतो.

दुरुस्तीचा क्रम मुक्रर आहे. अर्थची तार प्रथम सोडावी व शेवटी जोडावी. अन्यथा दुसरे टर्मिनल सोडताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्टसर्किट होते, आणि चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन तेथे साठला असेल तर ठिणगी घातक ठरते. पद्मिनीत अर्थ ऋण टर्मिनलाला असतो. जुन्या मॉरिस मायनरमध्ये तो धन टर्मिनलाला असे, म्हणून आधी खातरजमा करावी. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत, परंतु ते पाणी घटात जाऊ देऊ नये. फुटकळ तारांना दाबून बसवलेले लग लावून त्या फ्यूजबॉक्सकडे वळवाव्यात, आणि त्या बॉक्सला बॅटरीजवळच फ्यूज घातलेली एकच जाड तार द्यावी. क्लॅम्प घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

अखेरीस सेल्फ फिरत असताना टर्मिनलाची खुंटी व तिचा क्लॅम्प यांच्यामधील व्होल्ट मल्टिमीटरने मोजावेत. ते एक-दोन दशांशांच्या आत असतील, अर्थच्या बाजूलाही तसेच आढळले आणि तरी एंजिन कण्हतच राहिले, तरच बॅटरी किंवा खुद्द सेल्फ यांच्या चौकशीस हात घालावा.